टॉर्च कोण धरतंय?

९ नोव्हेंबर

भावोजी,

चार वर्षांनी वहिनीचं अक्षर पाहून धसका घेऊ नका. कोणी गेलेलं नाही. सगळे हातीपायी धड आहेत. तुमचे दादा छान आहेत. जेवण वेळेवर, झोप वेळेवर, राग वेळेच्या आधी. दुकान चालू आहे. तुम्ही गेल्यावर एक कार्ड पाठवलं होतंत, त्यावर जहाजाच्या कारखान्याचा पत्ता होता आणि दुसरं काहीच नव्हतं. त्याच पत्त्यावर हे टाकते आहे. नोकरी बदलली असेल तर नवीन माणसानं कृपया पुढं पाठवावं.

फोनच करणार होते. पण दुकानात आवाज फार असतो आणि घरात शांतता फार असते. दोन्हीकडे बोलता येत नाही.

काम असं आहे. मध्यंतरी एक बाई दुकानात आल्या होत्या. त्यांना गॅस वेल्डिंग शिकायचं आहे. दादांना विचारलं तर ते म्हणतात, "हाताला कळतं." आता हाताला कळतं हे त्या बाईंना कोणत्या तोंडानं सांगू? म्हणून म्हटलं, तुम्हाला विचारावं.

नुसता गॅस पेटवला की पिवळी, काजळी सोडणारी ज्योत येते, हे त्यांना माहीत आहे. ऑक्सिजन सोडत गेलं की ती निळी होते आणि आत पांढरा सुळका दिसायला लागतो. त्या सुळक्यामागं पिसासारखं काहीतरी फडफडत असतं. ते तसंच ठेवायचं की घालवायचं? आणि पातळ पत्र्याला भोक का पडतं? त्यांना दोनदा पडलं. म्हणजे पडेल अशी त्यांना भीती वाटते. तिसरं म्हणजे, कधीकधी टॉर्च फट् करून विझते. तेव्हा काळजात धस्स होतं, असं त्या म्हणत होत्या.

सवडीनं लिहा. नाही लिहिलंत तरी मी समजून घेईन, पण ती बाई समजून घेणार नाही.

तुमची वहिनी

*

२८ नोव्हेंबर

भावोजी,

तुमचं पत्र मिळालं. इतक्या दिवसांनी लिहिलंत आणि लिहिलंत काय? "वहिनी, टॉर्च कोण धरतंय?" पुढं सही. तुम्ही दोघं भाऊ शब्द वापरायला इतके काचकूच का करता कोण जाणे.

मी धरतेय.

आता सगळं सांगते. गेल्या वर्षीपासून दादांना नीट दिसत नाही. सुरुवातीला ते गॉगलला दोष देत होते. काचा बदलल्या, पुन्हा बदलल्या. मग दुकानातल्या दिव्याला दोष दिला, मग मलाच म्हणाले की तू दिवा पुसत नाहीस. एक दिवस खुर्चीचा तुटलेला पाय जोडायला आला होता. यांनी इतकी सुरेख, सरळ, माशाच्या खवल्यांसारखी सारखी वेल्ड घातली की बघत राहावं. फक्त ती भेगेच्या बाजूला बोटभर अंतरावर होती. भेग तशीच. गिऱ्हाईक बाहेर उभं होतं. खुर्ची उद्या न्या म्हणून सांगितलं आणि तो माणूस गेल्यावर यांचं बोट धरून आधी वेल्डवरून फिरवलं आणि मग भेगेवरून.

त्यांनी टॉर्च खाली ठेवली नाही. बराच वेळ थंड टॉर्च हातात धरून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर म्हणाले, "गॉगल लाव. बाह्या खाली कर." मला वाटलं झाडायला सांगताहेत.

त्या दिवसापासून मी करते. आडोशाच्या पत्र्यामागं आम्ही दोघंही जातो. लोकांना वाटतं मी हाताखाली आहे. हे माझ्या उजव्या खांद्यामागं उभे राहतात आणि ऐकतात. खोटं वाटेल, पण यांना ज्योत ऐकू येते. "फुसफुसतेय, ऑक्सिजन जास्त झाला, कमी कर." मी कमी करते आणि सुळका खरंच नीट होतो. "आता पत्रा घामेजला का? तळं झालं का? मग सळई तळ्यात बुडव, ज्योतीत धरून जाळू नकोस." वितळलेल्या लोखंडाच्या थेंबाला ते तळं म्हणतात. ते तळं हळूहळू पुढं नेत जायचं, मागं गोठत येतं ती जोडणी. घाई केली की चिकटत नाही, रेंगाळलं की भोक पडतं. दोनदा पडलं ते मलाच.

तळं पहिल्यांदा जमलं तेव्हा किती बरं वाटलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. तुम्हाला ते माहीत आहे.

डॉक्टरकडे जात नाहीत. का ते तुम्ही ओळखलं असेलच. मामंजींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि पट्टी काढल्यावर उरलंसुरलंही गेलं होतं. त्या दवाखान्यातून मामंजींना हात धरून घरी आणलं ते यांनी, तुम्ही तेव्हा लहान होतात. मी विषय काढला की हे उठून सिलिंडर मोजायला जातात. सिलिंडर दोनच आहेत.

फोन का केला नाही हे आता कळलं असेल. डोळे गेले तसे कान असे तल्लख झालेत की मी शेजारच्या खोलीत कुजबुजले तरी यांना सगळं कळतं. कागद तेवढा यांना वाचता येत नाही. हे लिहिताना मला चोरी केल्यासारखं वाटतं, पण लिहिते.

मागच्या पत्रातल्या प्रश्नांची उत्तरं अजून आलेली नाहीत.

वहिनी

*

१९ डिसेंबर

भावोजी,

एक ओळ लिहिणाऱ्या माणसानं एवढं जाडजूड पत्र पाठवलं की पोस्टमननं माझी सही मागितली. आधी वाटलं, रागावलात. मग वाचता वाचता लक्षात आलं, घाबरलात. काळजीचे शब्द एकही नाहीत, नुसते हुकूम आहेत. म्हणून तर कळलं.

तुम्ही लिहिलंत तसं एकेक करते आहे. दोन्ही सिलिंडर साखळीनं भिंतीला बांधले. गॅसचा सिलिंडर आडवा आणतात तो आल्याबरोबर जोडत नाही, उभा करून बराच वेळ तसाच ठेवते. उघडताना रेग्युलेटरसमोर उभी राहत नाही, बाजूला राहते. ऑक्सिजनच्या चावीला तेलाचा हात लावायचा नाही, असं तर दादा मला आधीपासून सांगत होतेच. पहिल्याच दिवशी मी केसांना तेल लावून आले तर साबणानं हात धुवायला परत पाठवलं होतं. नायलॉनचं काही अंगावर घालत नाही. काडेपेटी हद्दपार केली, ठिणगीचा लायटर वापरते. टॉर्च फट् करून विझली की नोझल फार जवळ नेली होती किंवा तोंडाशी कचरा होता असं समजायचं, बंद करून सुईनं साफ करायची. पण विझल्यावर आत शिट्टीसारखा आवाज आला तर ज्योत उलटी आत शिरलीय, आधी ऑक्सिजन बंद, मग गॅस. हे मी भांडी घासताना पाठ केलं. आधी ऑक्सिजन, मग गॅस. हे आतून म्हणाले, "काय पुटपुटतेस?" म्हटलं, "पाढे."

साबणाचं पाणी मात्र भारी पडलं. तुम्ही लिहिलंत म्हणून जोडांवर आणि नळीवर ब्रशनं फेस लावला. नळीला एका वळणावर एवढे बुडबुडे आले, जसं दूध उतू जायला लागलंय. त्याच नळ्या, भावोजी. ज्या हातात वाकवून तुम्ही भर दुकानात यांना चिरा दाखवल्या होत्यात, आणि हे सगळ्यांसमोर म्हणाले होते, पटत नसेल तर वाट मोकळी आहे. यांनी तेवढा तुकडा कापून टाकून नळी पुन्हा जोडून घेतली होती, एवढंच.

मी नव्या नळ्या आणल्या आणि तुम्ही सांगितलेल्या, ज्योत मागं येऊ न देणाऱ्या झडपाही आणल्या. यांना म्हटलं, सिलिंडर आणून देणारा गॅसवाला म्हणाला, याशिवाय तो माल देणार नाही.

हे नव्या नळीवरून हात फिरवत बसले. "गॅसवाला म्हणाला?"

"हो."

"आणि गॅसची चावी खिळ्याला न अडकवता सिलिंडरवरच ठेवायची, हेही तोच म्हणाला?"

"हो. टॉर्च पेटलेली असेपर्यंत चावी तिथंच हवी. वेळ आली तर शोधत बसायला नको."

"बराच शहाणा झालाय गॅसवाला," हे म्हणाले. मग थोड्या वेळानं, "त्याची तब्येत बरी आहे ना?"

मी म्हटलं, "बरी असावी."

रात्री जेवताना यांनी दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली.

वहिनी

*

२० जानेवारी

भावोजी,

हे पत्र दोन वेळा फाडलं. आता एका दमात लिहून टाकते.

दूधगाडीवाला तुम्हाला आठवत असेल. टक्कल, मोठा आवाज, दादांचा जुना दोस्त. त्याच्या गाडीची पेट्रोलची टाकी गळायला लागली. शनिवारी सकाळी ती काढून घेऊन आला. म्हणाला, दोन दिवस उन्हात उलटी ठेवली होती, थेंब नाही आत. मी म्हटलं, रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. आत पेट्रोल नाही पण वाफ आहे, ती कुठं जाते? वाफ पूर्ण घालवायची सोय आपल्याकडं नाही, हे काम आपण घेत नाही.

तो माझ्याकडं न बघता दादांकडं बघून हसला. "वहिनीच मालक झाल्या वाटतं?"

दादाही हसले. पण कसं हसले ते मला दिसलं. म्हणाले, "ठेव टाकी. बघतो."

मी म्हटलं, "बघायचं काही नाही. नाही घेत आपण." यांचं तोंड उतरलं आणि मला वाईट वाटलं. म्हणून जास्त न बोलता औषधाच्या दुकानात गेले. यांच्या डोळ्यांत घालायचे थेंब संपले होते. एवढंच औषध ते घेतात, कारण ते डॉक्टरनं नाही, दुकानदारानं दिलंय.

परत आले तर दुकानातून टॉर्चचा आवाज येत होता.

आत गेले. टाकी जमिनीवर. दूधगाडीवाला गुडघ्यावर बसून ती दोन्ही हातांनी धरून. हे उभे, गॉगल लावलेला, हातात पेटलेली टॉर्च, ज्योत अगदी हवी तशी. डाव्या हातानं टाकीचा पत्रा चाचपत भेग शोधत होते. ते बोट जिथं थांबेल तिथं ज्योत जाणार होती.

ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. ओरडले असते तर हे दचकले असते, आणि दचकलेला हात कुठं जाईल ते कोणी सांगावं. मी चपला दारातच काढल्या. भिंतीकडून सिलिंडरपाशी गेले. चावी सिलिंडरवरच होती. फिरवली.

भावोजी, नळीत उरलेला गॅस संपेपर्यंत ज्योत जळत राहते. हे तुम्ही पत्रात लिहिलं नव्हतंत. तेवढा वेळ मी त्या ज्योतीकडं बघत उभी होते. ती लहान होत गेली, सुळका आखडला, आणि फट् करून विझली. यांचं बोट भेगेवर टेकलेलं होतं.

"कोणी बंद केलं?" हे म्हणाले.

"मी."

"मला विचारायचं तरी."

"विचारायला वेळ नव्हता."

मी येऊन यांच्या हातातून टॉर्च घेतली, तिच्यावरच्या दोन्ही चाव्या बंद केल्या. मग टाकीचं तोंड उघडून यांच्या नाकाशी नेलं. यांनी श्वास घेतला आणि डोकं मागं घेतलं. सर्दी होती म्हणून आधी वास आला नव्हता, असं नंतर म्हणाले. सर्दी होतीच, खोटं नाही. तेव्हा मात्र ते भिंत चाचपत गेले आणि स्टुलावर बसले. दूधगाडीवाला अजून टाकी धरूनच बसला होता. त्याच्या कपाळावरून घाम हनुवटीपर्यंत आला होता.

"घेऊन जा ती," हे त्याला म्हणाले. "नवीन बसव. आणि ऐक. मला दिसत नाही. वर्ष झालं. तुझं फाटकाचं काम झालं ना मागच्या महिन्यात, ते हिनं केलंय."

दूधगाडीवाल्यानं माझ्याकडं पाहिलं, मग यांच्याकडं. म्हणाला, "फाटक चांगलं झालंय." आणि टाकी उचलून गेला.

मी पाय धुवायला मोरीत गेले आणि तिथंच बसले. रडू आलं. नळ चालू ठेवला, म्हणजे यांना ऐकू जाऊ नये. पण गेलंच. हे दारात येऊन उभे राहिले. उंबऱ्याच्या अलीकडंच, पुढं पाय टाकला नाही.

म्हणाले, "डॉक्टरकडं कधी जायचं?"

वहिनी

*

४ फेब्रुवारी

भावोजी,

मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. डॉक्टरीणबाई अगदी तरुण आहे, केस कापलेले. हिच्या हातून करून घ्यायचं का, असं हे मला वाटेत विचारत होते. म्हटलं, माझ्या हातात टॉर्च बघून तिनंही तेच विचारलं असतं.

आधी डावा, मग उजवा. पहिलं ऑपरेशन अठरा तारखेला. ती म्हणाली, मामंजींच्या वेळची गोष्ट वेगळी, आता सहसा तसं होत नाही. यांनी तेवढ्यात तिला "सहसा म्हणजे?" असं विचारलं. तिनं खुर्ची जवळ ओढली आणि काय काय बिघडू शकतं ते न लपवता सगळं सांगितलं. मला वाटलं, झालं, आता हे उठणार. तर उलट शांत झाले. बाहेर आल्यावर म्हणाले, "बाई कामाची आहे. कुठं फुटू शकतं ते तिला ठाऊक आहे."

तुम्हाला पत्र लिहिते हे मी यांना सांगितलं. म्हणाले, माहीत होतं. गॅसवाला एवढं शुद्ध बोलत नाही. मी कागद पुढं घेऊन बसले होते, विचारलं, तुमचा काही निरोप? म्हणाले, नाही. मी लिहायला लागल्यावर म्हणाले, "त्याला कळव, नळ्या बदलल्या."

"ते त्यांना माहीत आहे."

"तू कळवलंस. मी सांगितलं म्हणून कळव."

तर कळवते. दादांनी सांगितलं आहे की नळ्या बदलल्या.

तुम्ही यावं असं मी लिहीत नाही. रजा मिळते की नाही, मनात काय आहे, मला ठाऊक नाही. पण हे रोज रात्री कूस बदलतात आणि मी झोपलेय असं समजून मामंजींचं नाव घेतात. त्या दिवशी मामंजींचा हात धरून आणणारे हे एकटेच होते. यांचा हात धरायला मी आहेच. तरी सांगून ठेवलं.

वहिनी

*

३० मार्च

भावोजी,

तुम्ही परत कामावर पोचल्याचं कळलं. डबा परत पाठवू नका, राहू दे तुमच्याकडं.

तुम्ही दोघं दवाखान्याच्या त्या बाकावर बसून काय बोललात ते मी विचारलं नाही. मी चहा घेऊन आले तेव्हा दोघंही लोखंडाच्या रेलिंगकडं तोंड करून बसला होतात, आणि हे तुम्हाला विचारत होते की याचा जोड कसा आहे. तुम्ही म्हणालात, भिकार. हे म्हणाले, मलाही तसंच वाटलं, हात लावून. तेव्हाच मी समजले की आता माझी मध्यस्थी नको.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर यांनी घरभर फिरून प्रत्येक गोष्ट नव्यानं पाहिली आणि प्रत्येक गोष्टीला नाव ठेवलं. भिंतीचा रंग, माझा चष्मा, मांजर. मांजर एवढं जाड कधी झालं, म्हणाले. माझे हात धरले आणि उजेडात नेऊन मनगटावरचे ठिणग्यांचे डाग बघितले. हे त्यांना ऐकू आलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन माझ्या मापाचे चामड्याचे हातमोजे घेऊन आले. यांचे मला इतके दिवस ढगळ व्हायचे.

डॉक्टरीणबाईंनी काल कामाला परवानगी दिली. आज सकाळी एक बाई पाळण्याची तुटलेली कडी घेऊन आल्या, नातवंडासाठी हवी होती. आम्ही दोघं आडोशामागं गेलो. मी मागं उभी राहिले, यांच्या जागी. म्हटलं, झालं, आपलं काम संपलं. खरं सांगते, थोडं वाईट वाटलं. कोणाला सांगू नका.

यांनी गॉगल लावला. दोन्ही सिलिंडर बघितले, चावी बघितली, फेस लावून जोड बघितले. टॉर्च पेटवली. ज्योत कमीजास्त करून बराच वेळ नुसतं तिच्याकडं बघत राहिले. सुळका, पिसारा, पुन्हा सुळका. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

मग त्यांनी टॉर्च बंद केली. पेटती टॉर्च दुसऱ्याच्या हातात द्यायची नसते. थंड टॉर्च माझ्याकडं केली.

"धर."

"अहो, आता तुम्हाला दिसतंय."

"म्हणूनच. वर्षभर नुसतं ऐकलंय. मला बघू दे."

बाहेर बाई वाट बघत होत्या. मी टॉर्च घेतली, पेटवली, ज्योत बसवली. हे स्टूल ओढून समोर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, शाळेत बसतात तसे. मी कडीवर ज्योत नेली आणि काय सांगू भावोजी, कधी नव्हे तो हात थरथरायला लागला. पहिल्या दिवशीही एवढा थरथरला नव्हता.

"हात का हलतोय?" यांनी विचारलं.

"तुम्ही बघताय म्हणून."

"मग बघू नको?"

लोखंड तोवर लाल झालं होतं. ते घामेजलं, तळं धरलं. मी सळई बुडवली आणि म्हटलं, "बघा."

वहिनी